नऊ काळी बोटं

शाईच्या बाटलीचं बूच अजून निघालं नव्हतं. मतपेटी सगळ्यांसमोर उलटी करून, बुडावर थापट्या मारून, रिकामी असल्याचं दाखवून झालं होतं. तिच्यातून एक मेलेली माशी पडली, तर तिचीही वहीत नोंद झाली. मतदारांच्या यादीत एका नावापुढेही खूण नव्हती. भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजले आणि रांगेत सगळ्यांच्या पुढे उभी असलेली तुरतुरीची आई टेबलाशी आली.

"डावा हात," नियमकाका म्हणाले.

आईनं हात पुढे केला. नियमकाकांनी आपल्या डाव्या हाताच्या बोटानं चष्मा नाकावर वर ढकलला, वाकून आईचं बोट पाहिलं, पुन्हा चष्मा ढकलला आणि सरळ बसले.

"तुम्हाला मतपत्रिका देता येणार नाही. बोटाला खूण आहे."

"कसली खूण?"

"काळी."

"अहो, ते चामखिळीचं औषध आहे! काल संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी लावलंय."

"असेल."

"असेल काय! बाटली बंद आहे. पेटीत माशीशिवाय कोणी गेलेलं नाही. पहिली मीच आलेय. मग मी मत दिलं कधी आणि कुठे?"

"तुम्ही मत दिलं असं मी म्हटलेलंच नाही," नियमकाका शांतपणे म्हणाले. त्यांचा हा शांतपणाच समोरच्याच्या डोक्यात तिडीक उठवायचा. "बाटली बंद आहे, त्यावरून एवढंच सिद्ध होतं की ही खूण या बाटलीतली नाही. पण खूण कुठल्या बाटलीतली, हे नियम सात विचारतच नाही. डाव्या हाताच्या बोटावर काळी खूण असल्यास मतपत्रिका देऊ नये. संपलं. पुढचे या."

पुढच्या होत्या मोठ्या मावशी. त्यांचंही बोट काळं. एक नव्हे, तीन. शिवाय कानाची पाळी. त्यांच्या मागचीचं काळं, तिच्या मागचीचं काळं, तिच्याही मागचीचं... निरीक्षकाच्या स्टुलावर बसलेली तुरतुरी मोजत गेली. धुण्याच्या खात्यातल्या अकरापैकी नऊ जणींची बोटं कोळशाच्या पोत्यात बुडवून काढल्यासारखी दिसत होती. आणि त्या नऊही जणींना काल संध्याकाळी गोळा करून दवाखान्यात नेणारी दुसरी तिसरी कोणी नव्हती, ती स्वतःच होती.

तुरतुरी हे काही तिचं शाळेतलं नाव नव्हे. पण तिचे पाय आणि जीभ यांत आधी कोण थकतं याची घरात कायम पैज लागायची, म्हणून मोठ्या मावशींनी ती चार वर्षांची असतानाच हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. मागच्या महिन्यात ती शाळेच्या वादविवाद स्पर्धेत दुसरी आली. तेव्हापासून तर विचारूच नका. आधी नुसती बोलायची, आता मुद्दे मांडायची. आई म्हणायची, "पूर्वी भाजी आवडली नाही तर ही तोंड वाकडं करायची. आता तीन कारणं देते आणि समारोप करते."

आई जिथे कामाला होती ती धुलाई म्हणजे हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी, टॉवेल, पडदे धुणारा मोठा कारखाना. धुणं, वाळवण, इस्त्री आणि आणा-पोच अशी चार खाती, आणि सगळी मिळून सदतीस माणसं. दर दोन वर्षांनी ही सदतीस माणसं आपला एक प्रतिनिधी निवडायची. कामगारांचं जे काही म्हणणं असेल ते या प्रतिनिधीच्या सहीनंच वर जायचं. बाकी कोणी कितीही घसा फोडला तरी मालकांच्या कानापर्यंत ते पोहोचत नसे. गेली आठ वर्षं प्रतिनिधी होते इस्त्रीमास्तर. माणूस वाईट नव्हता. गोड बोलायचा, सगळ्यांची विचारपूस करायचा. आठ वर्षांत त्यांनी एक गोष्ट मिळवून दिली होती: भिंतीवरचं घड्याळ. ते बारा मिनिटं मागे होतं.

आई उभी राहिली होती ती हातमोज्यांसाठी.

धुण्याच्या खात्यात अकरा बायका आणि रबरी मोज्यांचे जोड सहा. सोड्याच्या गरम पाण्यात हात घालायचे, मोजे काढायचे, दुसरीला द्यायचे. आतून ते कधी वाळतच नसत. खिळ्याला उलटे टांगले तरी बोटांच्या टोकांतून पाणी ठिबकत राहायचं. त्या ओल्या मोज्यांतून चामखिळी एका हातावरून दुसऱ्या हातावर फिरत होत्या. आधी एकीला झाली, मग तिच्या पाळीतल्या दुसरीला, मग सगळ्यांना. आईच्या डाव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटावर नखाला लागून एक मोठी होती. चादर पिळताना ती अशी दुखायची की आई ओठ चावायची. प्रत्येकीला स्वतःचा जोड, आईची मागणी एवढीच. इस्त्रीमास्तरांना सांगितलं तर ते म्हणाले, "बघू हं ताई, योग्य वेळी विषय काढतो." ती योग्य वेळ बहुधा त्यांच्या घड्याळातच अडकली होती.

मग तुरतुरीला ती सुप्रसिद्ध कल्पना सुचली. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी धुण्याच्या खात्यातल्या सगळ्यांना दवाखान्यात न्यायचं, सगळ्यांच्या चामखिळींवर एकदमच उपचार करून घ्यायचा. "आई, नुसतं भाषण करून काय होतं? काम करून दाखवायला हवं! प्रत्येक जण पट्टी बांधलेला हात घेऊन येईल, वाळवणवाले बघतील, आणा-पोचवाले बघतील. चालता-बोलता प्रचार!"

आई म्हणाली, "उद्याचं होऊन जाऊ दे ना, मग जाऊ." पण वादविवादात दुसऱ्या आलेल्या मुलीसमोर आई किती टिकणार?

डॉक्टरीणबाईंनी प्रत्येकीचं बोट ओलं केलं आणि काडेपेटीतल्या काडीसारख्या एका पांढऱ्या टोकाच्या काडीनं चामखिळीवर घासलं. "यात चांदीचा क्षार असतो. प्रकाश लागला की थोडं काळं पडेल. आठवडा-दोन आठवड्यांत निघून जातं. सकाळपर्यंत पाणी लावू नका, एकमेकींना हात लावू नका, आणि पट्टीबिट्टीची काही गरज नाही." म्हणजे चालता-बोलता प्रचार तिथेच बारगळला. आईला त्यांनी टोपणात बंद केलेली एक काडी घरी न्यायला दिली, तीन दिवसांनी पुन्हा लावायला.

थोडं! म्हणे थोडं! अर्थात पूर्ण दोष डॉक्टरीणबाईंचाही नव्हता. एकमेकींना हात लावू नका म्हटल्यावर नऊच्या नऊ जणींनी दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून एकमेकींची बोटं चाचपून पाहिली होती. "तुझी किती मोठी ग!" "जळजळतंय का?" "बघू, बघू." मोठ्या मावशींनी तर त्याच हातानं कान खाजवला. घरी जाऊन भांडी घासली ती निराळीच. सकाळी उजेडात पाहिलं तर आईचं अर्धं बोट, नख, नखाभोवतीची कातडी, सगळं काळंकुट्ट.

आणि यात सगळ्यात चीड आणणारी गोष्ट अशी की मतदानाचे चौदाही नियम तुरतुरीला तोंडपाठ होते. नियमकाका म्हणजे कारखान्याचे भांडारप्रमुख. साबण, सोडा, मोजे सगळं त्यांच्या कुलपात. दर वेळी निवडणूक अधिकारी तेच असत. एकदा आणा-पोच खात्यातल्या एका बहाद्दरानं आधी टोपी घालून आणि मग टोपी काढून दोनदा मत दिलं, तेव्हापासून त्यांनी नियम लिहून, चौकटीत बसवून भिंतीवर लावले होते. त्यातच तुरतुरीनं शोधून काढलं होतं की उमेदवाराचा निरीक्षक 'लिहिता-वाचता येणारा' हवा, पण वयाचं काही लिहिलेलं नाही. म्हणून तर ती आज या स्टुलावर होती! सातवा नियमही तिनं दहा वेळा वाचला होता. फक्त काळं बोट आणि सातवा नियम या दोन गोष्टी तिच्या डोक्यात वेगवेगळ्या खणांत पडून राहिल्या होत्या.

आता ती ताडकन उठली. "नियम चौदा! जे या नियमांत बसत नाही, त्याचा निर्णय अधिकारी लेखी देईल. काका, तुम्ही लेखी निर्णय द्या!"

नियमकाकांनी तिच्याकडे कौतुकानं पाहिलं. हेच तर असह्य होतं. "छान वाचलंयस. पण चौदा लागतो तो नियमात न बसणाऱ्या गोष्टीला. ही गोष्ट तर सातमध्ये चपखल बसते."

"पण कारण वेगळं आहे!"

"सातमध्ये कारणाचा रकाना नाही."

त्यांच्या यादीत रकाने दोनच होते: 'मत दिले' आणि 'गैरहजर'. ते पेन हातात धरून बराच वेळ विचार करत बसले. नऊ बायका समोर उभ्या होत्या, त्यामुळे गैरहजर लिहिणं खोटं ठरलं असतं. शेवटी त्यांनी नऊही नावांपुढे 'मत दिले'मध्ये बारीक खूण केली.

"अहो, हे काय!" आई ओरडली. "कधी दिलं?"

"तुमचं बोट सांगतंय, मी नाही."

"बोटाला विचारण्यापेक्षा तोंडाला विचारा ना! तोंड आहे की मला!"

"ते दिसतंच आहे," रांगेतून इस्त्री खात्यातला कोणीतरी म्हणाला आणि हशा पिकला.

इस्त्रीमास्तर पुढे आले. "ताई, वाईट वाटतं हो. पण नियमापुढे आपण काय बोलणार? पुढच्या खेपेला नक्की बघू." आणि त्यांनी आपल्या स्वच्छ, इस्त्री केल्यासारख्या बोटाला शाई लावून घेतली.

तुरतुरी सायकलवरून दवाखान्यात गेली. रविवार. कुलूप. तशीच घरी गेली, टोपणातली काडी घेतली आणि घामाघूम होऊन परत आली.

"हे बघा औषध! पुरावा!"

नियमकाकांनी काडी घेतली. प्रकाशात धरली, उलटी धरली, वास घेतला. "हिचं टोक तर पांढरं आहे."

"लावल्यावर काळं पडतं."

"पांढऱ्यानं काळं?" त्यांनी कागद मोजायच्या ओल्या स्पंजावर काडीचं टोक टेकवलं आणि आपल्या डाव्या हाताच्या बोटावर, पेराजवळ, चांगलं दोन-तीनदा घासलं. सगळे माना उंचावून बघत होते. नियमकाकांनी बोट वर धरलं, पुढून दाखवलं, मागून दाखवलं.

"कुठंय काळं?"

काहीच नव्हतं. बोट जसंच्या तसं.

"लगेच नाही पडत! उजेड लागतो, वेळ लागतो. थोडं थांबा तरी!"

"मतदान थांबत नसतं," असं म्हणून त्यांनी त्याच बोटानं चष्मा नाकावर ढकलला आणि हाक मारली, "पुढचे या!"

इस्त्री खातं म्हणजे चौदा मतं, एकगठ्ठा मास्तरांची. ती आली आणि गेली. वाळवणवाले सात, आणा-पोचवाले चार, ते आले. धुण्यातल्या उरलेल्या दोघी, ज्यांना चामखीळ नव्हती, त्या मत देऊन नऊ जणींकडे चोरासारख्या बघत बाहेर पडल्या. तुरतुरी आणि मास्तरांचा निरीक्षक, म्हणजे त्यांचा सतत जांभया देणारा मेहुणा, आळीपाळीनं लोकांच्या बोटांना शाई लावत होते, कारण नियम नऊ: अधिकाऱ्याने शाईस स्पर्श करू नये. नियमकाकांनी दिवसभर बाटलीला नखसुद्धा लावलं नाही.

दाराबाहेर मळक्या चादरींच्या गाठोड्यांवर नऊ जणी ठाण मांडून बसल्या होत्या.

"मी म्हणते, दगडानं घासलं तर?" एक म्हणाली.

"घासलंय मी. कातडी निघाली, काळं नाही निघालं."

"त्यापेक्षा चामखीळ परवडली. निदान ती मत द्यायच्या आड येत नव्हती."

"ही अक्कल कोणाची म्हणे?"

"ती काय, आत स्टुलावर बसलीय ती अक्कल. दोन वेण्या घातलेली."

तुरतुरीला आत सगळं ऐकू येत होतं. मोठ्या मावशी म्हणाल्या, "पोरीला बोलू नका ग. तिनं नेलं, पण बोटं कोणी चाचपली? मी कान कोणाच्या सांगण्यावरून खाजवला?"

तुरतुरी मनातल्या मनात हिशोब मांडत होती. नऊ मतं गेली तर आई संपली. वाळवण आणि आणा-पोच यांतले बरेच जण आईकडे झुकले होते, हे त्यांच्या नजरेवरून कळत होतं, पण चौदाच्या गठ्ठ्यापुढे तेवढ्यानं काय होणार? पुन्हा दोन वर्षं तेच सहा जोड. पुन्हा तेच ठिबकणारे मोजे. आणि आईचं हे काळं बोट बरं झालं तरी महिन्याभरात त्यावर नवीन चामखीळ.

दुपारच्या सुमाराला तिची नजर सहज नियमकाकांच्या हाताकडे गेली. ते खिडकीपाशी बसले होते, टेबलावर ऊन पडलं होतं, आणि त्या उन्हात त्यांच्या डाव्या बोटाच्या पेरावर तपकिरी डाग होता. चहाचा असावा असा. पुढच्या पाच मतदारांच्या बोटांवर शाई लावताना तिचं निम्मं लक्ष तिकडेच होतं. डाग गडद होत होता. नियमकाका यादीत नाव शोधत, कागद देत, चष्मा ढकलत. आणि अरे देवा! चष्म्याच्या दांडीखाली, नाकाच्या शेंड्याच्या जरा वर, तिथेही एक तपकिरी ठिपका उमटायला लागला होता.

ती पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर पळाली. "आई! त्यांचं बोट! त्यांचं पण काळं पडतंय! मी आत्ता जाऊन सगळ्यांसमोर—"

आईनं तिचं मनगट पकडलं. "गप्प बस."

"अग पण पुरावा!"

"आत्ता ओरडलीस तर मास्तर म्हणतील तूच शाई उडवलीस. निरीक्षक कोण आहे? तू. शाईची काडी कोणाच्या हातात? तुझ्या. ते शेवटचं मत स्वतःचं टाकतात, दर वेळी. तोवर त्यांच्या टेबलापासून चार हात लांब राहा. त्यांचं त्यांनाच दिसू दे."

"पण आई, पाच वाजेपर्यंत?"

"एक दिवस जीभ दातांमागे ठेव. मरत नाहीस."

ती जवळजवळ मेलीच. आयुष्यात तिनं इतका वेळ इतकं महत्त्वाचं काही पोटात ठेवलं नव्हतं. तिनं आपलं स्टूल मागे सरकवून भिंतीला लावलं, शाईचं काम सगळं मेहुण्याकडे ढकललं (तो म्हणाला, "आता मीच एकटा का?"), आणि ओठ दाताखाली धरून बसली. दोन वाजले. तीन वाजले. मतदार संपले होते. नियमकाका यादीवर पट्टी ठेवून ओळी तपासत होते आणि त्यांचं बोट दर अर्ध्या तासाला अधिकाधिक काळं होत होतं. त्यांना दिसतच नव्हतं. दुसऱ्यांची बोटं तपासायची सवय, स्वतःचं कोण बघतो?

घड्याळात पावणेपाच झाले. नियमकाकांनी घसा खाकरला. आता त्यांची पाळी. दुसरा एखादा असता तर गुपचूप कागद पेटीत टाकून मोकळा झाला असता, पण नियमकाका ते! त्यांनी मोठ्यानं स्वतःचंच नाव पुकारलं. स्वतःच "हजर" म्हणाले. नावावर पट्टी ठेवली. मग, दिवसातला सदतिसावा मतदार समोर असल्यासारखं, म्हणाले, "डावा हात," आणि आपला डावा हात आपल्याच डोळ्यांसमोर धरला.

दारात नऊ जणी एकमेकींच्या खांद्यांवरून डोकावत होत्या.

नियमकाकांनी चष्मा काढला. पुसला. घातला. पुन्हा पाहिलं. अंगठ्यानं चोळलं. सदऱ्याला पुसलं. शाईच्या बाटलीकडे पाहिलं. ती टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला, मेहुण्याच्या कोपरापाशी होती.

"मी शाईला हात लावलेला नाही," ते हळूच म्हणाले.

"नाही लावला," मेहुणा जांभई देत म्हणाला. "मी बघतोय ना सकाळपासून. दुसरं काय होतं बघायला?"

इस्त्रीमास्तर चटकन पुढे झाले. "जाऊ द्या हो नियमकाका, एवढं काय! तुम्ही अधिकारी. टाका मत."

"नाही," नियमकाका म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "नियम सात. खूण आहे. मला मत देता येणार नाही."

आता मात्र आईचा संयम सुटला. ती तरातरा आत आली आणि टेबलावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. "द्यायचं नाही तर नका देऊ! पण मग यादीत लिहा. तुमच्या नावापुढे. लिहा, 'मत दिले.' आमच्यापुढे लिहिलंत ना सकाळी? लिहा, बोट सांगतंय म्हणून."

नियमकाकांनी पेन उचललं. रकान्यापर्यंत नेलं. पेन तिथेच थांबलं. तीस वर्षांत या माणसानं साबणाची एक वडीसुद्धा खोटी लिहिली नव्हती.

"पण मी दिलेलं नाही," ते म्हणाले.

"आम्ही तरी कुठे दिलंय?"

"मी दिलेलं नाही हे मला पक्कं माहीत आहे."

"आम्हालाही!" नऊ जणी एकदम ओरडल्या.

नियमकाका बघतच राहिले. आधी बोटाकडे, मग सकाळच्या त्या नऊ बारीक खुणांकडे, मग भिंतीवरच्या चौकटीकडे. तुरतुरीला वाटलं, आता हा माणूस रडतो की काय. आणि तिची जीभ, जी तिनं तब्बल पाच तास दातांमागे कोंडली होती, ती सुटली. पण आश्चर्य म्हणजे ओरडून नाही.

"काका," ती म्हणाली, "ज्याच्या बोटाला खूण आहे आणि ज्यानं मत दिलेलं नाही, तो कुठल्या नियमात बसतो?"

नियमकाकांचे ओठ हलले. एक, दोन, तीन करत ते मनातल्या मनात सगळे नियम चाळून आले. "कुठल्याच नाही."

"मग चौदा."

"चौदा," नियमकाका म्हणाले आणि त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. त्यांनी कोरा कागद ओढला आणि वळणदार अक्षरात लिहायला लागले. वळणदार म्हणजे किती वळणदार! प्रत्येक वेलांटीला वेळ. आई म्हणाली, "अहो, जरा लवकर." त्यांनी लिहिलं, वाळवलं आणि वाचून दाखवलं: "चामखिळीच्या औषधाने बोट काळे झालेल्यांनी, दोन्ही हातांपैकी जे बोट कोरे सापडेल त्यास शाई लावून मतदान करावे. सकाळच्या नऊ नोंदी चुकीच्या. चूक अधिकाऱ्याची." आणि खाली सही.

"हरकत आहे!" इस्त्रीमास्तर मनगट उंचावून म्हणाले. "माझ्या घड्याळात पाच वाजून गेलेत! मतदान संपलं!"

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. तिथे पाचला दहा मिनिटं कमी होती.

"नियम दोन," नियमकाका म्हणाले. "भिंतीवरचे घड्याळ प्रमाण मानावे."

"पण ते मागे आहे!"

"तुम्हीच आणलंयत," मोठ्या मावशी म्हणाल्या, आणि करंगळी पुढे करून आत घुसल्या. त्यांच्या डाव्या हाताचं तेवढं एकच बोट कोरं उरलं होतं.

दहा मिनिटांत दहा मतं पडली. शेवटचं नियमकाकांचं, पडद्याआड ते इतका वेळ होते की तुरतुरीनं नखं खाल्ली.

मोजणी झाली. आईला एकोणीस, इस्त्रीमास्तरांना सतरा. आणि एक कागद असा निघाला की ज्यावर दोन्ही नावांपुढे काहीच नव्हतं. खाली वळणदार अक्षरात फक्त लिहिलं होतं, 'अधिकाऱ्याने तटस्थ राहावे.'

नियमकाकांनी तो वाचला. पाठपोट पाहिला. "मतपत्रिकेवर मजकूर. नियम अकरा. बाद," असं म्हणून त्यांनी तो गंभीरपणे बाजूला ठेवला. ज्याच्यासाठी एवढं रामायण झालं, ते मत हे! आईनं कपाळाला हात लावला. कपाळावरही आता काळं उमटणार होतं की काय कोण जाणे.

बाहेर बायकांचा एकच कल्ला चालला होता. इस्त्रीमास्तर आईला म्हणाले, "अभिनंदन ताई, मनापासून हं," आणि घड्याळाकडे अशा नजरेनं बघत निघून गेले की काही विचारू नका. आईनं मात्र तिथल्या तिथे अर्ज टेबलावर ठेवला: धुणे खाते, रबरी हातमोजे, प्रत्येकी एक जोड, एकूण अकरा. प्रतिनिधीची सही.

नियमकाका म्हणाले, "दोन प्रती लागतील."

आई डोळे मिटून काहीतरी पुटपुटली. पण तुरतुरीनं दप्तरातून दुसरी प्रत काढून ठेवली. नियम वाचले होते म्हटलं ना तिनं, आणि भांडाराचे तर वेगळे एकवीस होते. नियमकाकांनी दोन्हींवर शिक्का मारला, आणि पहिल्यांदाच किंचित हसले.

"उद्या सकाळी वर पाठवतो. मालकांची सही आली की त्याच दिवशी मागवतो."

आई बाहेर गेली. तुरतुरी काडी टोपणात घालत होती, तेव्हा नियमकाका खाकरले. काळं बोट त्यांनी खिशात लपवलं होतं. दुसऱ्या हाताचा अंगठा मात्र टेबलाच्या कडेवरून जरासा पुढे सरकला. अंगठ्याच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढी एक खरबरीत गाठ होती. रोज संध्याकाळी ते सहाही ओले जोड हातानं मोजून कुलपात ठेवायचे, हे तुरतुरीला तेव्हा आठवलं.

"त्या काडीत..." ते इकडेतिकडे बघत म्हणाले, "उरलंय का काही?"

"उरलंय की. पण आधी डॉक्टरीणबाईंना दाखवायला लागेल. नियम आहे."

"बरोबर आहे," ते म्हणाले. "उद्या अर्ध्या दिवसाची रजा टाकतो." आणि चष्मा नाकावर ढकलून, पेटी काखोटीला मारून, नऊ बायकांच्या घोळक्यातून ताठ मानेनं चालत गेले.

नाकाचं त्यांना कोणीच सांगितलं नाही.